रात्री दोनला हूटर वाजतो आणि घरात कुणीच नाही? वायरच्या अलार्मचा फॉल्ट असा शोधा

गेली चौदा वर्षं सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात मी वायरिंगची आणि चोर-अलार्मची कामं करतोय, आणि पावसाळा लागला की एकच फोन सारखा येतो. "दादा, काल रात्री परत वाजला, सगळे उठलो, काठी घेऊन घर फिरलो, कुणीच नाही. मग काय, बंद करून टाकला." हे शेवटचं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण बंद केलेला अलार्म परत चालू करणारं घर मी फार कमी बघितलंय, आणि आठ दिवसांनी सगळी मंडळी लग्नाला म्हणून घराला कुलूप लावून जातात.

तर हे त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडं वायरवाला अलार्म आहे. म्हणजे भिंतीवर पॅनेल, त्यात १२ व्होल्टची बॅटरी, दारं-खिडक्यांना मॅग्नेट, हॉलमध्ये कोपऱ्यात मोशन सेन्सर आणि बाहेर हूटर. वायरलेसवाल्यांना यातलं अर्धंच उपयोगी पडेल.

लक्षणं आधी बघून घ्या, कारण ती ओळखली की निम्मं काम तिथंच होतं.

पाऊस पडला की वाजतो, ऊन पडलं की आठवडाभर गप्प. हे ओलीचं लक्षण आहे, बहुतेक वेळा जॉइंट.

वारा सुटला की वाजतो, खासकरून वळवाच्या वेळी. दार किंवा खिडकी हलतेय, मॅग्नेट लांब पडलाय.

लाइट गेली किंवा आली की वाजतो. बॅटरी संपलीय.

पाण्याची मोटार चालू केली की वाजतो. वायर मेन लाइनच्या शेजारून ओढलीय.

पहाटे किंवा संध्याकाळी ठरावीक वेळेला, आणि कायम मोशन सेन्सरचाच झोन (झोन म्हणजे पॅनेलला एका वायरीवर जोडलेले सेन्सर). ऊन, पाल, कोळी नाहीतर मुंग्या.

एकदा वाजायला लागला की थांबतच नाही, बंद होतो आणि परत लगेच वाजतो. हूटरची आणि सेन्सरची वायर एकच आहे.

आणि एक लक्षण असं की ज्याचा मला कधीच फोन येत नाही: दार सताड उघडलं तरी वाजत नाही. हे सगळ्यात वाईट, त्याबद्दल पुढं सविस्तर लिहितोय, ते मात्र सोडून देऊ नका.

आता तपासणी. फुकटच्या गोष्टी आधी, मीटर लागणाऱ्या नंतर, आणि भिंत फोडायची वेळ शेवटी. पुष्कळ लोक उलटं करतात, आधी नवीन सेन्सर विकत आणतात. सेन्सर बदलून फॉल्ट गेला असं माझ्या कामात क्वचित झालंय.

वही घ्या आणि झोन लिहा

कीपॅडवर मेमरी असते, जुन्या पॅनेलला नुसते झोनचे लाल दिवे असतात आणि जो झोन वाजला त्याचा दिवा लुकलुकत राहतो. रात्री वाजला की माणूस घाईघाईत कोड टाकून बंद करतो आणि काही पॅनेलवर दुसऱ्यांदा कोड टाकला की ती मेमरी पुसली जाते, म्हणून आधी बघायचं कुठला झोन, मग बाकीचं. वहीत लिहा: तारीख, वेळ, झोन, पाऊस होता का, वारा होता का, लाइट गेली होती का, मोटार चालू होती का. पाच-सहा नोंदी झाल्या की कारण आपोआप समोर येतं. गावभागात एका निवृत्त मास्तरांच्या घरी मी गेलो तर त्यांनी तीन आठवड्यांची अशी वही माझ्या हातात दिली, झोन ३, प्रत्येक वेळी पावसानंतर दोन-तीन तासांनी. वाजण्याची वेळ आणि पाऊस यांत अंतर होतं म्हणजे पाणी कुठून तरी हळूहळू झिरपत येत होतं, थेट पडत नव्हतं. त्या एका गोष्टीवरून मी सरळ बाथरूमच्या माळ्यावर चढलो आणि वीस मिनिटांत जॉइंट सापडला, त्याआधी दोघांनी तिथले दोन्ही सेन्सर बदलून झाले होते.

झोनचा कागदच नसेल, म्हणजे झोन ३ म्हणजे कुठलं दार हेच माहीत नसेल, तर आज बसून तेवढं करा. एकेक दार उघडायचं, कीपॅडवर कुठला दिवा लागतो बघायचं, लिहायचं, आणि कागद पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवायचा. बाहेरून नको, चोरालाही वाचता येतो.

दार हलवून बघा

दार बंद करा, कडी लावा आणि हाताने आत-बाहेर जोरात हलवा, एकजण कीपॅडजवळ उभा राहू दे. दिवा लागला तर मॅग्नेटचं अंतर जास्त आहे. आतली गोष्ट साधी आहे: चौकटीवरच्या तुकड्यात काचेची बारीक नळी असते, त्यात दोन पातळ पत्र्या, दारावरचं चुंबक जवळ असलं की त्या चिकटून राहतात, लांब गेलं की सुटतात. म्हणजे या अंतराच्या अगदी काठावर लावलेला मॅग्नेट आज चालतो आणि उद्या नाही.

आपल्याकडं जुन्या घरांना सागवानी नाहीतर जांभळीची दारं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार पूर्ण बसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तेच आकसतं आणि फट पडते. मे महिन्यात बसवलेला अलार्म जुलैत वाजतो तो यामुळं. पाकिटावर जे अंतर लिहिलेलं असतं त्याच्या निम्म्यातच मॅग्नेट बसवायचा, म्हणजे दोन्ही ऋतूंत पुरतो. लोखंडी दार किंवा ग्रिल असेल तर अजून कमी धरा कारण लोखंड चुंबकाची ताकद ओढून घेतं, तिथं लोखंडी दारासाठीचा वेगळा मोठा मॅग्नेट मिळतो तोच घ्या, किंवा निदान मधे प्लास्टिकची पट्टी देऊन तो लोखंडापासून उचला. आणि मॅग्नेट कायम कडीच्या बाजूला, बिजागरीच्या बाजूला नाही. बिजागरीकडं लावला तर दार वीतभर उघडलं तरी तिथं अंतर बोटभरच पडतं, आणि चोर तेवढ्या फटीतून हात घालतो.

उपाय बहुतेक वेळा एक स्क्रू सैल करून मॅग्नेट सरकवणं एवढाच असतो, खर्च शून्य. बिजागरीच ढिली असेल तर आधी सुताराला बोलवा, अलार्मवाल्याला नंतर.

मोशन सेन्सर पुसा, उघडा, आजूबाजूला बघा

हा सेन्सर उष्णतेचा बदल बघतो, हालचाल नाही. त्याच्या पांढऱ्या भिंगामुळं खोलीचे पंख्यासारखे पट्टे पडतात आणि गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की तो सुटतो. आता भिंगावरूनच पाल गेली तर त्याच्या दृष्टीने तो मोठा माणूसच. कोळी आत शिरून जाळं करतो, लाल मुंग्या उबेसाठी सर्किटवर घर करतात, हे मी शेकड्याने बघितलंय. झाकण काढा, कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, आतल्या काळ्या चौकोनी खिडकीला बोट लावू नका, आणि मागं वायर येते ते भोक सिलिकॉनने बंद करा. भोक बंद केलं नाही तर पंधरा दिवसांत परत तेच. फिनेल, रॉकेल, मुंग्यांचा स्प्रे आत अजिबात मारायचा नाही, प्लास्टिक आणि भिंग दोन्ही खराब होतं.

मग जागा बघा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट सेन्सरवर येतंय का, समोर फ्रिजची मागची बाजू आहे का, पडदा पंख्याने हलतोय का. ऊन येत असेल तर सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात न्या. उंची सात ते आठ फूट, आणि असा कोपरा निवडा की चोर सेन्सरच्या समोरून आडवा जाईल, कारण थेट सेन्सरकडं चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो.

एक गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये बंद घरात, पत्र्याखाली तर विचारूच नका, भिंती आणि हवा ३६-३७ अंशांला पोचतात म्हणजे माणसाच्या अंगाइतक्याच होतात, आणि तेव्हा सेन्सरला माणूस आणि भिंत यांत फरकच कळेनासा होतो. त्या दिवसांत तो खोटा वाजत नाही, उलट खरं असलं तरी चुकवतो. म्हणून मी सांगतो, मे महिन्यात दुपारी एकदा वॉक टेस्ट, म्हणजे खोलीत चालून सेन्सर पकडतो का बघणं, कराच, आणि मोशन सेन्सरच्या भरवशावर खिडक्यांचे मॅग्नेट वाचवायला जाऊ नका.

बॅटरी

अलार्मची बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर), सीलबंद. चांगली असली तर तीन ते पाच वर्षं, पण उष्णतेने लवकर मरते, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि आपण पॅनेल बसवतो कुठं तर माळ्यावर पत्र्याखाली. मरत आलेली बॅटरी लाइट असेपर्यंत कळत नाही. लाइट गेली की व्होल्टेज धाडकन खाली येतं, पॅनेल गोंधळून बंद-चालू होतं, आणि चालू होताना मोशन सेन्सर अजून तयार नसतात म्हणून झोन उघडा दिसतो आणि हूटर.

तपासणी अशी. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पॅनेलचा एमसीबी पाडा, अर्धा तास बॅटरीवर चालू द्या, मग एक दार उघडून हूटर वाजवा आणि हूटर वाजत असतानाच मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर धरा. ११.५ च्या खाली घसरत चालली तर बॅटरी बदला, चार्ज करून बघू म्हणू नका. लाइट असताना चार्जिंग १३.५ ते १३.८ च्या आसपास दिसलं पाहिजे, १४.५ दिसलं तर चार्जर बिघडलाय, तो नवीन बॅटरीही फुगवणार, तिथं स्वतः काही करू नका. नवीन बॅटरीवर मार्करने तारीख लिहा, नाहीतर चार वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

किती वेळ पुरते याचा हिशोब ज्याने त्याने करावा. पॅनेल, कीपॅड आणि चार-पाच मोशन सेन्सर मिळून पाव अँपिअर घेत असतील तर ७ भागिले पाव म्हणजे कागदावर २८ तास, प्रत्यक्षात मी १४-१५ च धरतो. २०१९ च्या पुरात पाण्यात गेलेल्या भागातली लाइट बंद होती, लोक घरं सोडून नातेवाइकांकडं गेले होते, आणि ज्या दिवसांत घर सगळ्यात जास्त उघडं होतं त्याच दिवसांत सगळे अलार्म मेले होते. नदीकाठच्या लोकांना मी तेव्हापासून पॅनेल वरच्या मजल्यावरच लावायला सांगतो, आणि बॅटरी मोठी हवी म्हणत असतील तर आधी पॅनेलचा चार्जर तेवढी पेलतो का ते पुस्तिकेत बघून.

इथपर्यंत कुणालाही करता येतं. पुढचं ज्याला मल्टीमीटर धरता येतो त्यानेच करावं.

मीटरने लूप मोजा

लूप म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणारी झोनची वायर. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश वाचा.

पॅनेल उघडण्याआधी एमसीबी पाडा, मग बॅटरीची लाल वायर काढा. पॅनेलमध्ये एका बाजूला २३० व्होल्ट येतात, ते विसरायचं नाही. झाकण उघडलं की टॅम्पर, म्हणजे झाकणाखालचा छोटा स्विच, सुटतो आणि अलार्म कोड टाकून बंद केलेला असला तरी वाजू शकतो, घाबरून शिडीवरून उडी मारू नका.

वायरच्या अलार्ममध्ये प्रत्येक झोनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा देणारा तुकडा, असतो, कुणाच्या पॅनेलला १ के (१००० ओहम), कुणाला २.२ के, कुणाला ४.७ नाहीतर ५.६ के, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पॅनेल सतत तेवढाच रेझिस्टन्स दिसतोय का बघत असतं. दार उघडलं की सर्किट तुटतं, अलार्म. कुणी वायर शॉर्ट केली तर रेझिस्टन्स शून्य, तरीही अलार्म. यासाठीच तो रेझिस्टर आहे.

आता झोनच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून काढा आणि दार बंद ठेवून मीटर लावा. समजा रेझिस्टर २.२ के आहे. मीटरवर २२०० च्या वर दहा-वीस ओहम दिसले तर झोन ठणठणीत. २६००, २९००, परत २४०० असं नाचत असेल तर जॉइंट गंजलाय, तांबं हिरवं पडलेलं असणार. काहीच दिसत नसेल तर वायर तुटलीय. आणि २२०० पेक्षा कमी, समजा १८००, तर ओल आहे, पाण्यातून दोन वायरींच्या मधे दुसरी वाट तयार झालीय. हिशोब केला तर ती वाट साधारण १० के ची निघते, म्हणजे पाणी थोडंच आहे पण पॅनेलला तेवढं पुरतं. पाऊस असताना एकदा आणि कोरड्यात एकदा असं मोजलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

मोशन सेन्सरच्या झोनला एक अडचण आहे. पॅनेल बंद केलं की सेन्सरचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) सुटतो आणि मीटरवर वायर तुटल्यासारखंच दिसतं, मी नवीन असताना यातच अर्धा दिवस घालवलाय. सेन्सरच्या अलार्मच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा टाकून जोडून घ्या, मग मोजा, आणि झालं की तो तुकडा आठवणीने काढा. राहिला तर तो सेन्सर कायमचा आंधळा.

न वाजणारं दार

आता ते लक्षण ज्याबद्दल वर लिहिलं. वखारभागात एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी मी फक्त बॅटरी बदलायला गेलो होतो. सहज सवयीने मागचं दार उघडलं, कीपॅडवर काही नाही. परत उघडलं, काही नाही. घरातल्या काकू म्हणाल्या, "अहो आमचा अलार्म लई चांगला आहे, दोन वर्षांत एकदाही खोटा वाजला नाही." पॅनेल उघडलं तर सगळ्या झोनचे रेझिस्टर पॅनेलच्या टर्मिनललाच पिळलेले. आणि मागच्या दारावर तोरणाचा खिळा मारला होता तो बरोबर पट्टीतल्या वायरीतून गेलेला, दोन्ही वायरी आत शॉर्ट. रेझिस्टर वायरच्या शेवटी असता तर त्याच क्षणी पॅनेलने आरडाओरडा केला असता. रेझिस्टर पॅनेलपाशी असल्यामुळं पॅनेलला कायम बरोबर आकडा दिसत होता आणि दोन वर्षं ते दार उघडंच होतं, फक्त कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या घरात माल विकल्याची रोकड असायची.

रेझिस्टर पॅनेलमध्ये लावणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा आळस आहे. शिडी लावून प्रत्येक सेन्सर उघडायला नको म्हणून लोक करतात, गिऱ्हाइकाला कळत नाही, चालू तर दिसतं. कुणाकडून अलार्म बसवून घेत असाल तर पैसे देण्याआधी एक शेवटचा सेन्सर उघडून दाखवायला सांगा, रेझिस्टर आत दिसला पाहिजे. जुना असेल तर पॅनेल उघडून बघा, झोनच्या टर्मिनलला रंगीत पट्ट्यांचे बारीक रेझिस्टर लटकताना दिसले तर ते हलवून घ्या. रिकाम्या झोनला असले तर चालतात, वापरातल्या झोनला नाही.

वीज कडाडली की असाही प्रकार होतो: मॅग्नेटमधल्या दोन पत्र्या एकमेकींना चिकटून बसतात, दार उघडलं तरी सुटत नाहीत. वळवाचा मोठा पाऊस होऊन गेला की प्रत्येक दार एकदा उघडून बघा, पाच मिनिटांचं काम.

अर्ध्यात तोडून शोधा

आकडा चुकतोय पण जॉइंट सापडत नाही, अशा वेळी एका टोकापासून सगळं उचकत बसू नका. लूपच्या साधारण मधला जंक्शन बॉक्स उघडा, पुढची वायर सोडवा आणि तिथंच एक रेझिस्टर लावा. आता पॅनेलकडून आकडा बरोबर आला तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. आठ खिडक्यांचा झोन तीन वेळा उघडण्यात संपतो. फॉल्ट अधूनमधून येणारा असेल तर त्या अवस्थेत दोन-तीन रात्री राहू द्या आणि वहीत लिहा, पण तेवढे दिवस सुटलेल्या खिडक्यांना आतून आडणा लावा.

जॉइंट सापडला की हिरवं झालेलं तांबं कापून टाका, घासून परत पिळू नका, ओल वायरच्या आवरणात आतपर्यंत चढलेली असते, वीतभर मागं जाऊन लख्ख तांबं लागेपर्यंत कापा. डाग द्या (सोल्डर करा), वर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. नुसती काळी टेप दोन पावसाळे काढते, तिसऱ्याला सुटते. वायर कमी पडली तर नवीन तुकडा जोडण्यापेक्षा पूर्ण वायर बदलता येते का बघा.

आणि वायर सोलताना आतलं तांबं चाकूने खरवडा. आतून पांढरं चमकलं तर ती अॅल्युमिनियमची वायर आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. स्वस्त मिळते म्हणून लोक वापरतात, पण वाकवलेल्या जागी तुटते आणि ओलीने पीठ होते. तशी वायर निघाली तर एक फॉल्ट काढून थांबणार नाही, पुढच्या वर्षी दुसरा येणार.

हूटरची आणि मेनची वायर

थांबता न थांबणाऱ्या हूटरबद्दल. अलार्मची साधी बारीक वायर १०० मीटरला एका तारेत ८ ओहमच्या आसपास खाते. ५० मीटर लांबीवर जाऊन-येऊन ८ ओहम. चार मोशन सेन्सर मिळून ६० मिलिअँपिअर घेतात, अर्धा व्होल्ट कमी होतो, काही बिघडत नाही. त्याच तारेवर १ अँपिअरचा हूटर लावला की ८ व्होल्ट गेले, सेन्सरला ४ उरले, ते झोपले, झोन उघडला, परत अलार्म. हूटरला पॅनेलपासून वेगळी जाड वायर ओढा, दुसरा उपाय नाही.

मोटारीवर वाजत असेल तर वायर कुठून गेलीय बघा. मेनच्या वायरीपासून फूटभर लांब, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मेन आणि अलार्म एकाच पाइपात असतील तर तो फक्त खोट्या अलार्मचा प्रश्न राहत नाही, एखादं आवरण फाटलं तर २३० व्होल्ट कीपॅडवर येतात आणि त्या कीपॅडला घरातली पोरं हात लावतात. असं दिसलं की तिथंच थांबा.

कुठं थांबायचं

एकाच पाइपात मेन, हे झालंच. पॅनेलमधून जळका वास, सर्किटवर काळा डाग, फुगलेली किंवा पाझरलेली बॅटरी: एमसीबी पाडा आणि माहितगार माणसाला बोलवा. झोनच्या वायरीपासून अर्थिंगपर्यंत मीटरवर रेझिस्टन्स दिसत असेल, म्हणजे वायर कुठंतरी भिंतीत ओलीला किंवा पाइपला लागलीय, तर भिंत फोडण्याआधी अनुभवी माणूस हवा. पुराचं पाणी पॅनेलमध्ये शिरलं असेल तर वाळवून चालू करायचा प्रयत्न अजिबात नको, आतला गाळ वाळल्यावरही ओल धरून ठेवतो. २०१९ आणि २०२१ नंतर मी अशी वाळवलेली पॅनेल बघितलीत, महिनाभर चालली आणि मग चार्जरची बाजू जळाली. पाण्याखाली गेलेली वायर दिसायला चांगली असली तरी टोकं कापून मोजल्याशिवाय वापरू नका. बाहेरच्या हूटरला पावसात शिडी लावायची नाही. इन्स्टॉलर कोड (अलार्म बसवणाऱ्याचा सेटिंगचा कोड) माहीत नसेल तर अंदाजाने कोड टाकत बसू नका, काही पॅनेल लॉक होतात.

आणि दार खरंच उचकटलेलं दिसलं, कडीवर ताजे ओरखडे दिसले, तर तो फॉल्ट नाही. कशाला हात लावू नका, आत शिरू नका, ११२ ला फोन करा.

परत बसवत असाल तर

सगळंच नव्याने करायचं ठरलं तर भिंतीला गिलावा होण्याआधी सांगा. प्रत्येक सेन्सरची वायर सलग पॅनेलपर्यंत, भिंतीत एकही जॉइंट नाही. मोशन सेन्सरला सहा तारांची वायर, दोन पॉवर, दोन अलार्म, दोन टॅम्पर. एका झोनवर आठ खिडक्या बांधू नका, दोन-तीन पुरे, झोन कमी पडत असतील तर मोठं पॅनेल घ्या, सुरुवातीला जास्त जातात ते पुढं दर फॉल्टला वाचतात. दोन्ही टोकांना नंबर. कीपॅड दाराजवळ पण पॅनेल आतल्या खोलीत, सेन्सरच्या पहाऱ्यात आणि पुराच्या खुणेच्या वर. आणि पाइप टाकताना एक रिकामा पाइप जास्तीचा टाका, गेटला किंवा गच्चीला नंतर काहीतरी लागतंच.

फॉल्ट निघाला की सात रात्री वही चालू ठेवा. शांत गेल्या तर महिन्यातून एकदा, पगाराच्या किंवा लाइट बिलाच्या दिवशी, सगळी दारं उघडून कीपॅड बघा. सातमध्ये परत वाजला तर माणूस बोलवा आणि त्याच्या हातात ती वही, झोनचा कागद आणि तुम्ही मोजलेले आकडे द्या, कोरड्यातला वेगळा आणि पावसातला वेगळा. मला कुणी असं दिलं की मी सेन्सरचा बॉक्स गाडीतच ठेवून आधी शिडी काढतो.